पट्टीच्या स्क्रूने जिप्सम बोर्ड मारताना: स्क्रू गनचा ऑटो-फीड जोड कसा जुळवावा आणि कसा वापरावा

बारा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब खोलीला जिप्सम बोर्डाचे फॉल्स सीलिंग करायचे ठरले, की त्यात सुमारे ३०० स्क्रू जातात. आपल्याकडे सर्रास मिळणारा बोर्ड सहा बाय चार फुटांचा आणि १२.५ मिमी जाडीचा असतो. वरचे सेक्शन, म्हणजे बोर्ड ज्यांवर मारतात ते पत्र्याचे आडवे दांडे, दीड-दीड फुटावर, म्हणजे ४५७ मिमीवर टाकलेले असले, तर सहा फुटांच्या लांबीत सेक्शनच्या पाच ओळी येतात. मधल्या तीन ओळींवर २३० मिमीच्या आसपास आणि दोन्ही टोकांच्या ओळींवर १५० मिमीच्या अंतराने स्क्रू धरले, तर एका बोर्डाला ३६ ते ३९ स्क्रू होतात, आणि १८० चौरस फुटांना साडेसात बोर्ड लागतात. हे ३०० स्क्रू सुटे मारायचे म्हणजे ३०० वेळा कमरेच्या पिशवीत हात घालायचा, स्क्रू बिटच्या, म्हणजे मशीनच्या पुढच्या फिरत्या सळईच्या, टोकावर बसवायचा, तो पडू नये म्हणून दोन बोटांत धरायचा आणि मान वर करून दाबायचा. त्यातले निम्मे श्रम स्क्रू मारण्याचे नसून स्क्रू हाताळण्याचे असतात. स्क्रू गनच्या तोंडाला लावायचा ऑटो-फीड जोड हेच श्रम वाचवतो. पट्टीत ओवलेले स्क्रू तो एकामागून एक आपोआप बिटसमोर आणतो आणि दुसरा हात बोर्ड दाबून धरायला मोकळा राहतो.

मात्र हा जोड कारागिराच्या वतीने विचार करत नाही. सुटा स्क्रू मारताना पहिला स्क्रू खोल गेला, तर पुढच्या स्क्रूला हात आपसूक सैल पडतो. जोडाच्या बाबतीत तसे होत नाही. त्याला जी खोली लावून दिली, तीच तो प्रत्येक स्क्रूला देतो, आणि ती चुकीची असली तर एका पट्टीत ती चूक पन्नास वेळा होते. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा जुळवणीला दिली आहे. जुळवणी नीट झाली, की प्रत्यक्ष मारण्याचे काम दोन-तीन बोर्डांत हाताला बसते.

जोडाच्या आत काय घडते

जोड प्रथम हातात घेऊन, मशीनला न लावता, त्याचे नाक टेबलावर टेकवून सावकाश दाबून पाहावे. पुढचे नाक आत सरकते, आतली स्प्रिंग दाबली जाते आणि बाजूचा छोटा दातेरी खटका पट्टीच्या कडेवरच्या खाचेत अडकून पट्टीला एक घर पुढे ढकलतो. काही जोडांत पट्टी दाबताना पुढे सरकते, काहींत सोडताना सरकते. आपल्या जोडात ती केव्हा सरकते हे डोळ्यांनी पाहून ठेवावे, कारण पुढे काही अडकले तर दोष कुठे आहे हे त्यावरूनच कळते. नाक आत जात असताना लांब बिट पट्टीतल्या स्क्रूच्या डोक्यात बसते, स्क्रूला प्लॅस्टिकमधून सोडवते आणि बोर्डात उतरवते. रिकामी झालेली पट्टी दुसऱ्या बाजूने बाहेर येत राहते.

जिप्सम बोर्डासाठी केलेल्या स्क्रू गनमध्ये एक क्लच असतो. मोटर फिरत असली तरी बिट पुढून दाबले जाईपर्यंत ते फिरत नाही, आणि स्क्रू ठरलेल्या खोलीला पोहोचून बिटवरचा दाब गेला की क्लच सुटतो. त्या क्षणी ‘कर्र’ असा ओळखीचा आवाज येतो. या मशीनांचा वेग मिनिटाला साधारण चार हजार फेऱ्यांच्या घरात असतो, त्यामुळे स्क्रू एका सेकंदाच्या आत बसतो. बॉशचा एमए ५५, डिवॉल्टचा डीसीएफ ६२०२, हिल्टीचा एसएमडी ५७ हे जोड त्या-त्या कंपनीच्या स्क्रू गनवर बसण्यासाठी केलेले आहेत. साध्या ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरता येणारे जोडही मिळतात आणि घरच्या एखाद्या खोलीपुरते ते पुरेसे असतात. तिथे ड्रिलचा वेग वरच्या गिअरवर ठेवावा आणि टॉर्कची कडी ड्रिलच्या खुणेवर आणावी, कारण खोली राखण्याचे काम जोडाचे नाक करते आणि कडी मधेच सुटली तर स्क्रू अर्धवट राहतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरला असा जोड लावू नये. त्याच्या ठोक्यांनी स्क्रूचे डोके कागद फाडून आत जाते.

स्क्रू आणि पट्टी घेताना

पट्टीवरचे स्क्रूही तेच असतात जे सुटे मिळतात: काळे, फॉस्फेटचा थर दिलेले, ३.५ मिमी जाडीचे आणि तुतारीच्या तोंडासारखे डोके असलेले. हे डोके खालच्या बाजूने पसरट वक्र असते, त्यामुळे ते बोर्डाचा कागद कापण्याऐवजी दाबत दाबत स्वतःपुरती वाटी करून बसते. पत्र्याच्या सेक्शनसाठी बारीक आट्यांचे आणि लाकडी चौकटीसाठी मोठ्या, विरळ आट्यांचे स्क्रू घ्यावेत. १२.५ मिमीच्या एका थराला २५ मिमी लांबीचा स्क्रू लागतो. बोर्ड ओलांडून तो सेक्शनच्या पत्र्यापलीकडे जवळपास १२ मिमी निघतो; पलीकडे किमान १० मिमी निघावा, हा नियम त्यात पाळला जातो. दोन थर असतील तर दुसऱ्या थरासाठी ३५ किंवा ३८ मिमीचा स्क्रू वापरावा. सेक्शन वा स्टड (पार्टिशनचा उभा खांब) जाड पत्र्याचा असेल, तर सुईच्या टोकाचा स्क्रू त्यात न शिरता नुसता फिरत राहतो. तिथे टोकाला ड्रिलसारखी धार असलेला स्क्रू घ्यावा लागतो.

पट्टी विकत घेताना सर्वांत आधी आपला जोड दुकानात बरोबर न्यावा, किंवा निदान जुन्या पट्टीचा एक तुकडा खिशात ठेवावा. खाचांमधले अंतर आणि पट्टीची जाडी सर्व कंपन्यांची एकसारखी नसते. वरवर सारखी दिसणारी पट्टी जोडात सरकते, पण दर चार-पाच स्क्रूंनंतर खटका खाच चुकवतो आणि बिट स्क्रूच्या डोक्याऐवजी प्लॅस्टिकवर येते. पट्टीत बहुधा पन्नास स्क्रू असतात, म्हणजे एक पट्टी सव्वा ते दीड बोर्डाला पुरते. वर हिशेब केलेल्या खोलीला सहा पट्ट्या लागतील; वाया जाणाऱ्या स्क्रूंसाठी सातवी जवळ असावी. पट्टीचे स्क्रू सुट्यांपेक्षा महाग पडतात, हे खरे आहे. एका छोट्या खोलीसाठी नवा जोड आणि नव्या पट्ट्या घेण्यात पैशाचा फायदा नाही; पण ज्यांचे रोजचे काम हेच आहे किंवा ज्यांना एखादे मोठे कार्यालय ठरलेल्या तारखेला पूर्ण करून द्यायचे आहे, त्यांचा खर्च मजुरीत भरून निघतो.

जुळवणी

जोडावर दोन गोष्टी लावायच्या असतात, स्क्रूची लांबी आणि बसण्याची खोली, आणि त्यांचा क्रमही हाच ठेवावा. नाकाजवळ २५, ३५, ४५ असे आकडे असलेला सरकता थांबा असतो. त्याचे बटण दाबून तो आपल्या स्क्रूच्या आकड्यावर आणावा आणि तो खाचेत ‘टक’ करून बसला याची खात्री करून घ्यावी. थांबा दोन आकड्यांमध्ये राहिला, तर स्क्रूचे टोक नाकाबाहेर डोकावते आणि बोर्डावर ओरखडे पडतात. त्यानंतर जोडाचेच लांब बिट बसवावे. फिलिप्स क्रमांक दोनचे हे बिट साध्या बिटपेक्षा कितीतरी लांब असते, कारण त्याला पूर्ण नाकातून आरपार जायचे असते. लांबीने थोडे कमी असलेले दुसरे बिट लावले, तर कितीही खोली वाढवली तरी स्क्रूचे डोके बोर्डाच्या वरच राहते आणि दोष जोडाचा आहे असा भलताच समज होतो.

आता बोर्डाचा एक तुकडा आणि सेक्शनचा एक तुकडा घ्यावा. सेक्शनचा तुकडा आवर्जून त्याच मालातला असावा. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये मी ही खबरदारी घेतली नव्हती. खाली पडलेल्या लाकडी फळीवर बोर्डाचा तुकडा ठेवून खोली लावली, डोके बोर्डाशी अगदी समतल बसले, आणि समाधानाने वर चढून दोन पट्ट्या संपवल्या. जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून तिरपे ऊन छतावर पडले तेव्हा दिसले, की जवळजवळ प्रत्येक स्क्रूभोवती कागदाची कड उसवली आहे. लाकूड स्क्रूला घट्ट धरते आणि शेवटपर्यंत विरोध करते. सेक्शनचा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे तिथे तोच स्क्रू त्याच खोलीला सहज पुढे निघून जातो. त्या दिवशी नव्वदच्या आसपास स्क्रू नव्या जागी पुन्हा मारावे लागले, आणि ती चूक पूर्णपणे माझी होती.

तुकड्यावर पहिला स्क्रू मारण्याआधी खोलीचे चाक सर्वांत कमी खोलीवर आणावे. स्क्रू मारावा, पाहावा, चाक एक घर फिरवावे, पुन्हा मारावा. योग्य खोलीची ओळख अशी, की बोटाचे टोक स्क्रूवरून फिरवले असता डोके कुठेही अडत नाही, त्याभोवती उथळ वाटीसारखा खळगा लागतो, आणि त्या खळग्याच्या तळापर्यंत कागद अखंड असतो. पुट्टीचा पत्रा वरून ओढला असता ‘खट्’ असा धातूचा आवाज आला तर डोके वर आहे. कागद कुठे फाटून आतला पांढरा गाभा दिसला तर ते खोल गेले आहे. या दोहोंच्या मधली जागा एखाद्या मिलिमीटरचीच असते, पण ती मिळवण्यासाठी दहा-बारा स्क्रू खर्च करायला मागेपुढे पाहू नये.

कागदाची एवढी काळजी का घ्यायची, हे समजून घेतले म्हणजे हात आपोआप जपून चालतो. जिप्समचा गाभा ठिसूळ असतो. नखानेही तो उकरता येतो. बोर्डाला वाकण्यापासून वाचवणारी ताकद दोन्ही बाजूंच्या कागदात असते, आणि स्क्रूचे डोके प्रत्यक्षात त्या कागदालाच धरून असते. कागद फाटला की तो स्क्रू फक्त चुऱ्यात रुतलेला असतो. छताच्या बोर्डाचे सगळे वजन खाली ओढत असल्याने असे स्क्रू काही महिन्यांनी बोर्डातून निसटू लागतात, दोन बोर्डांच्या सांध्यांवर भेगा पडतात आणि रंगाखाली गोल फुगवटे दिसू लागतात.

प्रत्यक्ष बोर्ड मारताना

बोर्ड वर गेला, की सेक्शन झाकले जातात. सुटा स्क्रू मारताना त्याचे टोक तरी दिसते. इथे नाक पुढे असल्यामुळे तेही दिसत नाही. म्हणून बोर्ड उचलण्याआधी, तो खाली असतानाच, सेक्शनच्या ओळी त्याच्या हस्तिदंती रंगाच्या दर्शनी बाजूवर पेन्सिलीने आखून घ्याव्यात आणि भिंतीवरही सेक्शनच्या जागी खुणा कराव्यात. नाकाच्या पुढच्या कडेवर बहुतेक जोडांत एक छोटी खाच किंवा रेघ असते. ती आखलेल्या ओळीवर ठेवली की स्क्रू ओळीवरच जातो. ओळ न आखता अंदाजाने मारलेले स्क्रू सेक्शनच्या बाजूने निघून पोकळीत जातात, आणि छतावर ते हाताने खेचून काढावे लागतात.

पट्टी खालच्या मार्गिकेतून आत सरकवावी आणि पहिला स्क्रू बिटच्या रेषेपासून एक घर मागे ठेवावा. मशीन पुढच्या दिशेने फिरत आहे का ते बघावे, नाक बोर्डाच्या तुकड्यावर एकदा दाबून सोडावे, म्हणजे पहिला स्क्रू जागेवर येतो. यानंतर ट्रिगर दाबून मोटर पूर्ण वेगाला येऊ द्यावी आणि मगच नाक टेकवून दाबावे. नवशिका माणूस आधी दाबतो आणि मग मोटर सुरू करतो. तेव्हा बिट स्क्रूच्या खाचेत नीट बसण्याआधीच झटका बसून खाच घासली जाते. ट्रिगर अडकवून ठेवण्याची सोय असलेल्या मशीनमध्ये सलग ओळ मारताना ती वापरावी.

दाबण्याचा जोर मनगटातून न येता कोपर आणि खांद्याच्या रेषेत सरळ यावा. मशीन बोर्डाला काटकोनात असले पाहिजे. नाकाचा सपाट तळ बोर्डाला चारही बाजूंनी टेकला आहे हे हाताला जाणवते. तिरपे मारलेल्या स्क्रूच्या डोक्याची एक कड कागद कापते आणि दुसरी वर राहते. अशा वेळी लोक खोलीचे चाक फिरवायला जातात, पण दोष चाकाचा नसतो. हात सोडताना घाई करू नये. ‘कर्र’ आवाज ऐकू आला, की नाक पूर्ण बाहेर येईपर्यंत मशीन सरळ मागे घ्यावे, कारण स्प्रिंग पूर्ण उघडल्याशिवाय पट्टी पुढचे घर गाठत नाही.

छताचा बोर्ड दोघांनी उचलावा आणि त्याला टी आकाराच्या लाकडी टेकूचा आधार द्यावा. स्टुलावर टाचा उंचावून उभे राहण्यापेक्षा घोडीवर फळी टाकून त्यावर उभे राहावे. मशीन डोळ्यांच्या थोडे वर राहील अशी उंची ठेवावी, म्हणजे काटकोन राखता येतो आणि मानही दुखत नाही. सुरुवात बोर्डाच्या मध्यापासून करून टोकांकडे जावे, किंवा एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरळ जावे. आधी चारही कडा पक्क्या करून मधला भाग शेवटी मारण्याची सवय अनेकांना असते, आणि तीच बोर्डाच्या पोटात फुगवटा ठेवते. प्रत्येक स्क्रूच्या जागी मोकळ्या हाताच्या तळव्याने बोर्ड सेक्शनवर दाबून धरावा, तळवा स्क्रूच्या रेषेपासून वीतभर दूर ठेवावा. बोर्ड आणि सेक्शन यांच्यात फट असताना मारलेला स्क्रू बोर्डाला वर ओढून घेत नाही. त्याचे डोके कागदातून आत जाते आणि फट तशीच राहते.

कागद गुंडाळलेल्या लांब कडेपासून स्क्रू किमान १० मिमी आत असावा आणि कापलेल्या कडेपासून १३ ते १५ मिमी, नाहीतर कडेचा जिप्सम फुटतो. शेजारच्या दोन बोर्डांच्या जोडावरचे स्क्रू समोरासमोर न ठेवता थोडे पुढेमागे ठेवावेत. भिंतीलगतची ओळ जोडाने मारण्याचा हट्ट करू नये. नाकाची रुंदी आणि मशीनचे पोट भिंतीला अडते, मशीन तिरपे होते आणि नेमके तिथेच, भिंतीलगतच्या पत्र्याच्या पेरिमीटर चॅनेलवर, स्क्रू वाकडे जातात. जोड फिरवून किंवा ओढून काढायला काही सेकंद लागतात. तो काढून साधे नाक लावावे आणि भिंतीकडेची ओळ, खिडकीच्या पडद्याचा खाचा आणि दिव्यांच्या भोकांभोवतीचे स्क्रू सुटे मारावेत.

छताच्या पोकळीतून वीज आणि वातानुकूलनाचे पाइप गेलेले असतात. सेक्शनच्या पलीकडे १२ मिमी निघालेले टोक वायरमध्ये घुसू नये म्हणून बोर्ड चढवण्याआधी शिडीवर जाऊन सेक्शनवर टेकलेली प्रत्येक वायर बाजूला बांधून घ्यावी. डोक्यावरून चुरा पडत असल्याने चष्मा आणि मास्क या कामात अनिवार्य समजावेत.

पार्टिशनच्या भिंतीत

उभ्या स्टडवर, म्हणजे साधारण ६१० मिमी अंतरावरच्या पत्र्याच्या खांबांवर, हे काम छतापेक्षा पुष्कळ सोपे जाते. स्क्रूंमधले अंतर मध्यभागी ३०० मिमी आणि कडांवर २०० मिमी ठेवले जाते. एकच गोष्ट लक्षात ठेवावी. स्टड इंग्रजी सी अक्षरासारखा एका बाजूने उघडा असतो. दोन बोर्डांचा जोड ज्या स्टडवर येतो, त्यावर आधी लागणाऱ्या बोर्डाची कड स्टडच्या उघड्या बाजूकडच्या टोकावर यावी, अशा दिशेने भिंतीत पुढे सरकत जावे. उलट दिशेने गेल्यास दुसरा बोर्ड मारताना स्टडची मोकळी कड आत दबते आणि जोडाची एक बाजू दुसरीपेक्षा पुढे येते. मग कितीही जॉइंटिंग कंपाउंड, म्हणजे सांधे भरायचा लगदा, भरले तरी ती पायरी दिसत राहते. ऑटो-फीड जोडाचा दाब हातातल्या सुट्या स्क्रूपेक्षा जास्त असल्याने हा परिणाम इथे अधिक जाणवतो.

दोन थरांच्या भिंतीत पहिल्या थराला २५ मिमी आणि दुसऱ्याला लांब स्क्रू लागतात. थर बदलताना लांबीचा थांबा आणि खोली दोन्ही पुन्हा लावावे लागते, म्हणून एका खोलीतल्या भिंतींचा पहिला थर पूर्ण संपवावा आणि मगच पट्टी बदलावी.

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणारी मराठी कुटुंबे घराचे तळघर स्वतः बांधून घेतात, त्यांच्यासाठी आकडे थोडे वेगळे आहेत. तिथला बोर्ड बहुधा चार बाय आठ फुटांचा आणि अर्धा इंच जाडीचा असतो, चौकट लाकडी असते आणि तिचे खांब १६ इंचांवर असतात. तिथे सव्वा इंच लांबीचे, विरळ आट्यांचे स्क्रू घ्यावेत; ते छतावर १२ इंचांपर्यंत आणि भिंतीवर १६ इंचांपर्यंतच्या अंतराने मारावेत. खोलीची चाचणी मात्र तिथे लाकडावरच घ्यायची आहे, आणि ओलसर लाकूड व सुके लाकूड यांत फरक पडतो, म्हणून प्रत्यक्ष चौकटीच्याच तुकड्यावर घ्यायची आहे.

अडकले किंवा बिघडले तर

स्क्रू अर्धा जाऊन थांबला, तर बहुतेक वेळा कारागीर लवकर मागे हटलेला असतो. त्याच जागी जोड पुन्हा लावू नये, कारण तोवर पुढचा स्क्रू नाकात आलेला असतो आणि तो पहिल्यावर आदळतो. जोड काढून साध्या बिटने अर्धवट स्क्रू खाली बसवावा. स्क्रू जागेवर जाऊनही फिरतच राहिला, तर पत्र्यातल्या आट्या घासल्या गेल्या आहेत आणि त्याची पकड गेली आहे. तो काढून टाकावा आणि ५० मिमीच्या आत, त्याच ओळीवर, नवा मारावा. कागद फाटलेल्या स्क्रूलाही हाच उपाय आहे. जुना स्क्रू तसाच ठेवून वर पुट्टी लावून झाकू नये.

पट्टी सरकत नसेल, तर बटण दाबून ती पुढच्या बाजूने ओढून काढावी, मागे खेचू नये, मागे खेचल्याने खटक्याचे दात झिजतात. ओढून काढताना वाकलेल्या खाचांचा भाग कात्रीने कापून टाकावा. बिटच्या टोकाची धार गोल झालेली असेल, तर ते स्क्रूच्या डोक्यातून निसटते आणि खोली दर स्क्रूला बदलते. चांगल्या चाललेल्या कामात अचानक असे होऊ लागले, तर चाकाला हात लावण्याआधी बिट बदलून पाहावे. बॅटरी उतरत आली की वेग कमी होतो आणि डोकी वर राहू लागतात, तेव्हाही खोली वाढवू नये. भरलेली बॅटरी लावताच ते सगळे स्क्रू खोल जातील.

जिप्समचा बारीक चुरा हा या जोडाचा खरा शत्रू आहे. तो खटक्याच्या फटीत आणि स्प्रिंगभोवती बसतो. दर दोन-तीन बोर्डांनंतर रंगाच्या कोरड्या ब्रशने नाक आणि मार्गिका झाडावी आणि दिवसाच्या शेवटी जोड उघडून स्वच्छ करावा. सरकणारा भाग जड जाऊ लागला म्हणून त्यात मशीनचे तेल घालू नये. तेलात चुरा मिसळून चिकट लगदा होतो आणि काही दिवसांतच नाक परत येईनासे होते. लावायचेच असेल तर सुका सिलिकॉनचा फवारा पुरे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पट्ट्यांवरचे स्क्रू गंजतात, आणि गंजलेला स्क्रू पुट्टीतून तपकिरी डाग वर आणतो. त्यामुळे उरलेल्या पट्ट्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. बोर्डही जमिनीला न टेकवता लाकडी पट्ट्यांवर आडवे रचावेत. ओल धरलेल्या बोर्डाचा कागद इतका मऊ होतो, की काल बरोबर लावलेली खोली आज त्याला फाडते.

सगळे बोर्ड मारून झाल्यावर खोलीतले दिवे बंद करावेत आणि एक विजेरी छताच्या अगदी लगत, तिरपी धरून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फिरवावी. वर राहिलेल्या डोक्याची लांब सावली पडते, फाटलेल्या कागदाची कड पांढरी चमकते आणि योग्य बसलेला स्क्रू फक्त उथळ गोल छटेसारखा दिसतो. जिथे शंका येईल तिथे पेन्सिलीने खूण करावी, हातातल्या साध्या पेचकसाने ती डोकी बसवावीत किंवा काढून नवी मारावीत. एकही खूण शिल्लक राहिली नाही, की बोर्डांच्या सांध्यांवर टेप लावावी आणि स्क्रूच्या वाट्या जॉइंटिंग कंपाउंडने दोन हातांत भराव्यात; पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये.